माथाडी व हमाल कामगारांचा फंड आणि म्हातारपणाची तरतूद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातील बाजार समित्या, गोदामे, रेल्वेचे मालधक्के आणि कारखाने येथे ओझे वाहणाऱ्या कामगारांना निवृत्तीच्या वेळी काय मिळते, ते कोठून येते आणि कशामुळे कमी होते, याविषयीचे प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे नोंदीत कामगार व त्यांचे कुटुंबीय यांना समोर ठेवून लिहिली आहेत. प्रत्येक मंडळाची योजना वेगळी असल्याने दर आणि मुदती आपल्याच मंडळाच्या कार्यालयातून पडताळून घ्याव्यात.

माथाडी मंडळ म्हणजे नेमके काय?

'महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९' या कायद्याखाली स्थापन झालेले ते त्रिपक्षीय मंडळ असते. त्यात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येने असतात, शिवाय शासनाचे प्रतिनिधी असतात आणि अध्यक्ष शासन नेमते. लोखंड व पोलाद बाजार, किराणा बाजार, भाजीपाला व कांदा-बटाटा बाजार, कापड बाजार, रेल्वे मालधक्के, मालवाहतूक अशा व्यवसायांनुसार आणि जिल्ह्यांनुसार ही मंडळे निरनिराळी आहेत. मंडळाकडे मालकाची नोंदणी होते, तशीच कामगाराची आणि टोळीचीही, म्हणजे एकत्र ओझे उचलणाऱ्या हमालांच्या गटाचीही, होते. मालक मजुरी थेट हमालाच्या हातावर न ठेवता मंडळाकडे भरतो आणि मंडळ ती कामगाराच्या खात्यात जमा करते. मजुरीसोबत मालकाला आणखी एक ठराविक टक्केवारी भरावी लागते. तिला लेव्ही म्हणतात आणि कामगाराच्या म्हातारपणाची बहुतेक तरतूद याच रकमेतून उभी राहते.

असा वेगळा कायदा करण्याची गरज का पडली? भविष्य निर्वाह निधीचा कायदा तर १९५२ पासूनच होता.

होता, पण तो आस्थापनेला लागू होणारा कायदा आहे. अमुक कामगार अमुक मालकाचा, हे आधी सिद्ध व्हावे लागते, आणि सर्वसाधारणपणे त्या मालकाकडे किमान २० माणसे कामाला असावी लागतात. हमालाचे तसे नसते. तो सकाळी एका अडत्याच्या गाळ्यावर कांद्याची गाडी खाली करतो, दुपारी दुसऱ्याची लसूण भरतो आणि संध्याकाळी तिसऱ्याच्या गोदामात थप्पी लावतो. तिघांपैकी कोणालाही विचारले तर हा आपला माणूस नाही असेच उत्तर मिळे, आणि तिघेही आपल्यापुरते खरे बोलत असत. तीस-पस्तीस वर्षे एकाच बाजारात पाठ झिजवलेल्या माणसाला कागदोपत्री एकही मालक नसे, त्यामुळे फंड नसे, रजा नसे आणि ग्रॅच्युइटीही नसे.

मुंबईच्या बाजारांत या माणसांना संघटित करण्याचे काम अण्णासाहेब पाटील यांनी केले. ते स्वतः सातारा जिल्ह्यातील पाटणच्या डोंगरी मुलखातून आलेले होते, आणि माथाडींचा मोठा भाग त्याच पट्ट्यातून आलेला होता. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने हाच प्रश्न लावून धरला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ मध्ये कायदा झाला. गोदी कामगारांसाठी १९४८ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यातील कल्पना त्यामागे होती: मालक बदलत राहिले तरी कामगाराचे खाते एकाच ठिकाणी राहावे आणि प्रत्येक मालकाने आपल्या कामापुरता वाटा त्या खात्यात टाकावा. हमालाला एक मालक शोधून देण्यापेक्षा संपूर्ण बाजारालाच त्याचा मालक ठरवणे, ही या कायद्याची खरी कल्पकता होय.

याला परस्पर-साहाय्याचा निधी म्हणता येईल का? हा तर सरकारी कायदा आहे.

कायदा सरकारी आहे, पण त्याचा पाया टोळी आहे आणि टोळी कायद्यापेक्षा फार जुनी आहे. टोळीने उचललेल्या मालाची हमाली एकत्र धरली जाते आणि ती माणशी सारखी वाटली जाते. तेवीस वर्षांचा तरणा गडी दिवसाला जेवढी पोती वाहतो तेवढी पंचावन्न वर्षांचा गडी वाहू शकत नाही. तो थप्पीवर उभा राहतो, हूक लावतो, मोजणी बघतो, पण वाटणीत त्याचा हिस्सा सहसा कमी होत नाही. आज ज्याच्यासाठी दुसऱ्यांनी पाठ वाकवली, त्याने पंचवीस वर्षांपूर्वी तेच कोणासाठी तरी केलेले असते. विमा कंपनी ज्याला जोखमीची वाटणी म्हणेल ती टोळीने कोणताही करारनामा न करता चालवली होती. गावाच्या नावाचा गाळा भाड्याने घेऊन त्यात पाळीपाळीने झोपणारे, आजारी माणसाला वर्गणी काढून गावी पोचवणारे हेच लोक होते.

मात्र टोळीची ही माया माणूस कामावर येत असेपर्यंतच पुरते. ज्या दिवशी तो बाजारात येणे थांबवतो त्या दिवसापासून वाटणीत त्याचे नाव राहत नाही. त्या दिवसानंतरची सोय मंडळाच्या निधीने करायची असते.

लेव्ही कोण भरतो? ती आमच्या मजुरीतून कापली जाते का?

लेव्ही मालकाने मजुरीच्या वर भरायची असते आणि तिचा भार कामगारावर टाकता येत नाही. भविष्य निर्वाह निधीसाठी कामगाराच्या मजुरीतून जी वर्गणी कापली जाते ती निराळी बाब आहे आणि ती त्याच्याच खात्यात जमा होते. लेव्हीची टक्केवारी प्रत्येक मंडळ आपल्या योजनेप्रमाणे ठरवते. तिच्यातून फंडाचा मालकाचा वाटा, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, सुट्ट्या आणि वैद्यकीय साहाय्य यांची तरतूद होते व मंडळाचा प्रशासकीय खर्चही भागतो.

एक काल्पनिक हिशेब मांडू. टोळीत १० जण आहेत, महिन्याची हमाली २,००,००० रुपये झाली आणि लेव्हीचा दर ३५ टक्के आहे असे समजू. व्यापाऱ्याने मंडळाकडे २,७०,००० रुपये भरावयाचे. माणशी २०,००० रुपये मजुरी आणि ७,००० रुपये लेव्ही असा त्याचा अर्थ. आता व्यापारी आणि मुकादम यांनी आपसात ठरवून निम्मी हमाली रोखीने, मंडळाच्या वहीबाहेर वाटली असे धरा. हमालाच्या हातात महिन्याला तेच २०,००० रुपये येतात, कदाचित फंडाची कपात वाचल्यामुळे थोडे जास्तच येतात, म्हणून त्याला काही बिघडल्यासारखे वाटत नाही. पण लेव्हीचे ३,५०० रुपये दरमहा बुडतात. वर्षाला ते ४२,००० रुपये होतात आणि वीस वर्षांत, व्याज अजिबात न धरता, ८,४०,००० रुपये होतात. यातील सगळीच रक्कम त्याच्या नावावर पडली असती असे नाही, कारण लेव्हीला इतर वाटेही असतात. पण फंड आणि ग्रॅच्युइटी हे त्यातले मोठे वाटे आहेत, आणि ज्या मजुरीवर ते मोजले जातात ती मजुरीच वहीत निम्मी दिसते.

आमच्या पाहण्यात निवृत्तीच्या वेळच्या तक्रारी बहुतेक वेळा मंडळाने पैसे दिले नाहीत अशा स्वरूपाच्या असतात. त्या तक्रारीच्या मुळाशी गेले की पुष्कळदा मंडळाकडे पैसे कधी आलेच नव्हते असे निघते. वहीत न चढलेली हमाली म्हातारपणी कोणी मोजत नाही.

मग रोखीने मिळालेल्या पैशाची नंतर नोंद करून घेता येते का?

कामाचा पुरावा असेल तर मागणी करता येते. गाडीची पावती, बाजार समितीच्या आवक नोंदी, गाळ्यावरील हजेरीची वही आणि सोबतच्या टोळीकऱ्यांचे जबाब यांचा उपयोग होतो. प्रत्यक्षात दहा वर्षांपूर्वीची हमाली सिद्ध करणे फार कठीण जाते, कारण त्या वेळी रोख घेण्यास टोळीही राजी असते आणि कागद कोणीच ठेवलेला नसतो. म्हणून दर महिन्याला खात्यात जमा झालेली मजुरी आणि टोळीने प्रत्यक्ष केलेले काम यांचा मेळ घालून पाहावा. टोळीत एखादा तरी लिहिता-वाचता तरुण असतोच. मुकादमाच्या वहीशेजारी त्यानेही एक साधी वही ठेवावी.

मालकाने लेव्ही थकवली तर?

थकबाकी निश्चित करून ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद कायद्यात आहे. मंडळाच्या निरीक्षकाला नोंदी तपासण्याचे अधिकार आहेत. लेखी तक्रार टोळीने मिळून करावी आणि तिची पोच घ्यावी. एकट्याने तक्रार केली की त्याच्यावर काम बंद होण्याची पाळी येते, हे बाजारात सर्वांना ठाऊक आहे.

निवृत्त होताना हातात काय येते?

मुख्यतः दोन रकमा येतात. पहिली भविष्य निर्वाह निधीची, जिला बाजारात नुसते 'फंड' म्हणतात. त्यात कामगाराची वर्गणी, मालकाचा वाटा आणि दोहोंवरील व्याज असते. दुसरी ग्रॅच्युइटीची, म्हणजे सरकारी मराठीत उपदानाची. याशिवाय शिल्लक रजेचा पगार किंवा त्या वर्षाचा बोनस असे किरकोळ येणे असू शकते.

ग्रॅच्युइटीचे सर्वत्र रूढ असलेले सूत्र १९७२ च्या उपदान कायद्याने घालून दिले: प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांची मजुरी, आणि ती काढताना महिन्याचे २६ दिवस धरायचे. महिन्याची मजुरी १८,००० रुपये आणि सेवा २५ वर्षे असेल तर १८,००० ला २६ ने भागून १५ ने आणि २५ ने गुणले की सुमारे २,५९,६०० रुपये होतात. नगावर किंवा वजनावर मजुरी घेणाऱ्यांसाठी त्याच कायद्यात शेवटच्या तीन महिन्यांच्या मजुरीची सरासरी धरण्याची पद्धत होती. आपल्या मंडळाच्या योजनेत नेमकी कोणती मजुरी धरतात हे निवृत्तीच्या किमान दोन वर्षे आधी विचारून घ्यावे. शेवटच्या महिन्यांची मजुरी धरत असतील, तर गुडघे गेले म्हणून त्याच महिन्यांत आठवड्याला तीनच दिवस बाजारात जाणारा माणूस पंचवीस वर्षांच्या कष्टाची किंमत नकळत खाली आणतो. त्याने आजारपणाची रजा रीतसर मांडावी, नुसतेच गैरहजर राहू नये.

दरमहा पेन्शन मिळते का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि फंड व पेन्शन यांतील फरक स्पष्ट नसल्यामुळे त्यावर गैरसमजही तेवढेच आहेत. फंड ही साठवलेली रक्कम असते. ती एकदा हातात पडली की खाते संपते. पेन्शन ही माणूस जिवंत असेपर्यंत दरमहा येणारी रक्कम असते, मग तो पाच वर्षे जगो की तीस. माथाडी मंडळांच्या लाभांचा कणा फंड आणि ग्रॅच्युइटी ही एकरकमी देणी हाच आहे.

कारखान्यातील कामगार कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेचा सदस्य असतो आणि त्याला १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेचा लाभ असतो. तेथे मालकाच्या १२ टक्के वाट्यातून ८.३३ टक्के पेन्शनकडे वळवले जातात, पण तेही दरमहा १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवरच, म्हणजे जास्तीत जास्त १,२५० रुपये. सूत्र असे की पेन्शनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. वीस वर्षे पूर्ण केलेल्याला दोन वर्षे अधिक धरून मिळतात. त्यामुळे पूर्ण १५,००० च्या वेतनावर वीस वर्षांच्या सेवेला महिन्याला सुमारे ४,७१४ रुपये बसतात. १ सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला जुनी कमी मर्यादा लागत असल्याने प्रत्यक्ष आकडा पुष्कळांच्या बाबतीत याहून खाली येतो. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे. ती वाढावी म्हणून महाराष्ट्रातले हजारो पेन्शनधारक वर्षानुवर्षे आंदोलन करीत आहेत.

हमालाने कारखान्यातल्या भावाचा हेवा करावा की करू नये, याचे उत्तर सरळ नाही. एक हजार रुपयांत महिना निघत नाही हे खरे. पण ती रक्कम त्याच्या मागे विधवेलाही काही अंशी मिळत राहते, आणि कोणी उसनी मागितली तर सगळीच्या सगळी देऊन टाकता येत नाही, हा तिचा न बोलला जाणारा गुण आहे. डॉ. बाबा आढाव यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात पेन्शन परिषदेच्या माध्यमातून प्रत्येक कष्टकऱ्याला पेन्शन हा आग्रह धरला. हमालांसाठी कायदा मिळवणाऱ्या चळवळीतल्याच माणसाला पुन्हा पेन्शनची मागणी घेऊन उतरावे लागले, यावरून एकरकमी तरतुदीची मर्यादा कळून येते.

एकदम मिळालेल्या रकमेचे काय करावे?

सल्ला देणे सोपे आहे. पण ज्या माणसाने चाळीस वर्षांत एवढे पैसे एकत्र कधी पाहिलेले नसतात, त्याच्या घरात त्या रकमेची वाट किती जण पाहत असतात हे विसरून दिलेला सल्ला निरुपयोगी ठरतो. गावचे घर अर्धवट राहिलेले असते, धाकट्या मुलीचे लग्न ठरलेले असते, विहिरीचे कर्ज असते, मुलाला टेम्पो घ्यायचा असतो. यांतला एकही खर्च उधळपट्टीचा म्हणता येणार नाही.

तरीही पुढचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. हाती ८,००,००० रुपये आले आणि महिन्याला ५,००० रुपये काढले, तर व्याज न धरता ते १६० महिने, म्हणजे तेरा वर्षे चार महिने पुरतात. यातले ५,००,००० पहिल्याच वर्षी गेले तर उरलेले ३,००,००० रुपये पाचच वर्षे पुरतात. साठाव्या वर्षी थांबलेल्या माणसाचे पासष्टाव्या वर्षी काय होणार, हा प्रश्न मुलाच्या टेम्पोचे कागद करण्यापूर्वी घरात उघडपणे बोलला जावा.

टपाल कार्यालयात आणि बँकेत मिळणारी ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. तीत ३० लाख रुपयांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येते. ८.२ टक्के दर धरला तर ५,००,००० रुपयांवर तिमाहीला १०,२५० रुपये येतात. मूळ रक्कम पाच वर्षे अडकून राहते, पण ती अडकून राहणे येथे फायद्याचेच आहे. मुदतीआधी रक्कम काढता येते, त्यासाठी दंड बसतो. रक्कम पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात ठेवावी. गावी एखादी पतपेढी टपालापेक्षा दोन टक्के जास्त देते म्हणून सगळी पुंजी तेथे नेऊन ठेवणे योग्य नव्हे. त्याचे कारण पतपेढीविषयीच्या प्रश्नात दिले आहे.

वय अजून चाळिशीच्या आत आहे. पेन्शनसाठी आत्ताच काही करता येईल का?

येईल, आणि हेच करण्याचे वय आहे. अटल पेन्शन योजना २०१५ पासून सुरू आहे. १८ ते ४० वयोगटातील बँक खातेदाराला तीत सहभागी होता येते. प्राप्तिकर भरणाऱ्यांना मात्र १ ऑक्टोबर २०२२ पासून नव्याने प्रवेश नाही. साठाव्या वर्षापासून दरमहा १,००० ते ५,००० रुपयांपर्यंत हमी पेन्शन मिळते. पाच हजारांच्या पेन्शनसाठी अठराव्या वर्षी सुरुवात केली तर महिन्याला २१० रुपये भरावे लागतात, तिसाव्या वर्षी ५७७ आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४. सदस्यानंतर पती किंवा पत्नीला तेवढीच पेन्शन मिळते आणि दोघांच्या पश्चात साठलेली रक्कम नामनिर्देशित व्यक्तीला मिळते.

प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन ही २०१९ ची योजना असंघटित कामगारांसाठी आहे. वयाची अट तीच, उत्पन्नाची मर्यादा महिन्याला १५,००० रुपये, वर्गणी ५५ ते २०० रुपये आणि तेवढीच रक्कम केंद्र सरकार घालते. साठीनंतर महिन्याला ३,००० रुपये मिळतात.

दोन्ही योजनांची रक्कम ठराविक आहे, महागाईबरोबर ती वाढत नाही. आज तिशीत असलेल्या हमालाला तीस वर्षांनी मिळणाऱ्या पाच हजारांत किती किलो ज्वारी येईल याचा अंदाज त्याने स्वतःच करावा. म्हणून ही पेन्शन फंडाच्या जोडीला धरावी, फंडाऐवजी नव्हे.

श्रावणबाळ योजनेचा लाभ मिळतो का?

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत ६५ वर्षे व त्यावरील निराधार वृद्धांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे किंवा नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे, अशी अट आहे. मुलगा कमावता असेल तर बहुधा या अटीत बसत नाही. अर्ज तहसील कार्यालयात करावा.

आमच्या संघटनेची पतपेढी आहे, गाळ्यावर भिशीही चालते. ती म्हातारपणाची सोय नाही का?

भिशी, मृत्यू साहाय्य निधी आणि पतपेढी या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. भिशी म्हणजे आपलेच पैसे पाळीपाळीने एकत्र मिळण्याची सोय होय. ती चालवणारा माणूस भला असला तर ती उपयोगी पडते, पण तीत काहीच साठत नाही. वर्गणीतून चालणारा मृत्यू साहाय्य निधी अंत्यविधीपुरती आणि पहिल्या महिन्यांपुरती मदत करतो, आणि तेवढ्यासाठी तो मोलाचाही आहे. पतपेढी म्हणजे सहकारी कायद्याखाली नोंदलेली संस्था. दरमहाची वर्गणी तेथे भाग आणि ठेव म्हणून जमते व कर्ज बाजारातल्या सावकारापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. हमाल सावकाराच्या तावडीतून सुटले यात पतपेढ्यांचा वाटा मोठा आहे.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बँकेतील ठेवींना पाच लाख रुपयांपर्यंत जे विमा संरक्षण असते ते सहकारी पतसंस्थांतील ठेवींना नसते. संस्था बुडाली तर ठेवीदाराला अवसायकाच्या, म्हणजे संस्था गुंडाळण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, दारात बसावे लागते. म्हणून निवृत्तीची सगळी रक्कम एका पतपेढीत ठेवू नये, मग ती आपल्याच माणसांची का असेना.

दुसरी गोष्ट जामीनकीची. टोळीतल्या माणसाने सही मागितली तर नाही म्हणवत नाही. तीस वर्षे एकाच थाळीत जेवलेल्या माणसाला नाही कसे म्हणायचे? पण कर्जदाराने हप्ते थकवले की वसुली जामीनदाराकडे वळते. निवृत्तीला पाच वर्षे उरल्यावर नवी जामीनकी घेऊ नये, आणि जुन्या जामीनक्या किती आहेत याचा दाखला पतपेढीकडून लेखी मागून घ्यावा. स्वतः कर्ज न काढताही जामीनकीपायी भाग आणि ठेवी वळत्या झालेला माणूस प्रत्येक बाजारात एखादा तरी सापडतो.

कागदपत्रांत कोणत्या चुका जास्त आढळतात?

नाव आणि जन्मतारीख. बाजारात नोंदणी झाली तेव्हा माणूस पंधरा-सोळा वर्षांचा असतो आणि वय मुकादमाने अंदाजाने सांगितलेले असते. आधार कार्डावर वेगळीच तारीख असते. नोंदणीत 'पांडू' आणि बँकेत 'पांडुरंग' असते. साठाव्या वर्षी ही दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करताना सहा महिने सहज जातात आणि तेवढा काळ घरात काहीच येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला असेल तर गावच्या शाळेतून तो आताच मिळवावा. नसेल तर आधार, बँक आणि मंडळ या तिन्ही ठिकाणी एकच नाव व एकच तारीख करून घ्यावी.

नामनिर्देशन हा दुसरा विषय. नोंदणीच्या वेळी लग्न झालेले नसते म्हणून आईचे नाव दिलेले असते. आई वारलेली असते आणि फॉर्म कोणी बदललेला नसतो. लग्न झाल्यावर, मूल झाल्यावर आणि नामनिर्देशित व्यक्ती वारल्यावर नवा फॉर्म भरावा. फॉर्मची एक प्रत घरी, पत्नीला माहीत असेल अशा जागी ठेवावी. मृत कामगाराची पत्नी मंडळाच्या कार्यालयात येते तेव्हा नोंदणी क्रमांकसुद्धा तिच्याजवळ नसतो, हे वारंवार घडते.

बाजारात निवडणी-सफाई करणाऱ्या बायकांना हे सर्व लागू आहे का?

कायदा पुरुष-स्त्री असा भेद करीत नाही. नोंदणी झाली तर लाभ सारखेच. अडचण नोंदणीपाशीच येते, कारण कांदा निवडणारी किंवा पाला उचलणारी बाई बहुतेक वेळा रोजावर असते आणि तिला टोळीत धरले जात नाही. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, ती हमाल पंचायतीच्याच सावलीत. ज्या बाजारात बायकांची टोळी नाही तेथे ती नोंदवून घेण्याची मागणी पुरुषांच्या संघटनेने करायला हवी. ती बहुतेक ठिकाणी अजून नीट झालेली नाही.

इतर व्यवसायांत असे निधी आहेत का?

आहेत. खासगी सुरक्षा रक्षकांसाठी महाराष्ट्राने १९८१ मध्ये याच नमुन्यावर कायदा केला. केरळात डोक्यावर ओझे वाहणाऱ्या कामगारांसाठी १९७८ चा कायदा आहे. बांधकाम कामगारांचे मंडळ १९९६ च्या केंद्रीय कायद्यावर उभे राहिले असून त्याचा पैसा बांधकाम खर्चावरील एक टक्का उपकरातून येतो. बिडी कामगारांचा कल्याण निधीही उपकरावर चालत असे, पण वस्तू व सेवा कर आला तेव्हा २०१७ मध्ये तो उपकर रद्द झाला आणि निधीला स्वतःचा झरा राहिला नाही. सोलापूर-सिन्नरच्या बिडी कामगारांना भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू आहे म्हणून त्यांचा फंड तेवढा टिकला. माथाडींची लेव्ही मात्र मजुरीलाच बांधलेली आहे. जोवर पोते उचलले जाते आणि त्याची नोंद होते तोवर पैसा येत राहतो. यंत्राने माल उतरवणे वाढले की आजच्या तरुण हमालाच्या फंडात किती पडेल, हा विचार संघटनांनी आतापासून करायला हवा.

मी निवृत्त झालो की माझ्या जागी मुलगा लागू शकतो का? तो लागेपर्यंत हिशेब काढू नये असे सांगतात.

टोळीतली जागा ही मालमत्ता नव्हे. मुलाला घेण्याचा प्रघात अनेक टोळ्यांत आहे, पण त्याची नोंदणी मंडळाच्या नियमांप्रमाणे आणि टोळीत जागा असेल तरच होते. जागेसाठी कोणी पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत आणि मागणी लेखी कळवावी. फंड आणि ग्रॅच्युइटी या आपल्या सेवेच्या रकमा आहेत, मुलाच्या नोंदणीशी त्यांचा काही संबंध नाही. मुलाचा अर्ज वेगळा द्यावा, स्वतःचा हिशेबाचा अर्ज ठरलेल्या तारखेला द्यावा, आणि दोन्हींची पोच शिक्क्यासह घ्यावी.